हॉटेलातला मुक्काम, अपग्रेड आणि अभिप्राय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किती रात्री राहिलं की वरची खोली मिळते, हा प्रश्न सुट्ट्यांच्या तोंडावर हमखास येतो. त्याच्या पाठोपाठ अभिप्रायांचे प्रश्न येतात. खाली ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: लांब मुक्कामाला हॉटेलच्या लेखी किंमत असते, पण ती काउंटरवरच्या फुकट अपग्रेडच्या रूपात क्वचितच हाती येते. ती वेगळ्या रूपात आणि आधी मागावी लागते.

१. अपग्रेड म्हणजे नेमकं काय? जास्त रात्री राहिलं की ते आपोआप मिळतं का?

पैसे भरलेत त्यापेक्षा वरच्या प्रकारची खोली त्याच भाड्यात मिळाली, तर ते अपग्रेड. प्रकार तोच, पण मजला वरचा किंवा खिडकी समुद्राकडे, यालाही बरीच हॉटेलं अपग्रेड म्हणतात. म्हणून 'तुम्हाला अपग्रेड केलंय' असं ऐकलं की खोलीच्या प्रकाराचं नाव विचारा.

आपोआप मिळत नाही. त्या दिवशी काय रिकामं आहे, हॉटेलच्या सभासद योजनेत (नेहमीच्या पाहुण्यांना पॉइंट आणि सवलती देणाऱ्या) तुम्ही कोणत्या पायरीवर आहात, बुकिंग थेट हॉटेलकडे केलंय की मधल्या संकेतस्थळावरून, हे सगळं पाहिलं जातं. रात्री वाढल्या की फुकट अपग्रेड मिळणं उलट अवघड होतं. कारण पुढच्याच प्रश्नात आहे.

२. आम्ही सहा रात्रींचे पैसे भरले, तरी एका रात्रीसाठी आलेल्या माणसाला स्वीट (बैठकीची वेगळी जागा असलेली मोठी खोली) मिळाला. हा अन्याय नाही का?

राग येणं साहजिक आहे, पण काउंटरच्या आतून हिशोब कसा दिसतो ते पाहा.

समजा, हॉटेलात चार स्वीट आहेत. तुम्ही बुधवारी आलात, मंगळवारी जाणार. बुधवारी आणि गुरुवारी चारही स्वीट रिकामे आहेत, शुक्रवारी तीन गेलेत, शनिवारी चारही विकले गेलेत. तुम्हाला स्वीट द्यायचा तर तो सहाही रात्री मोकळा हवा. शनिवारची एक रात्र अडली की सगळं अडलं. तुमच्या मागे उभा असलेला पाहुणा गुरुवारी सकाळी निघून जाणार आणि स्वीट पुन्हा विक्रीला येणार. त्याला दिल्याने हॉटेलचं काही जात नाही.

दुसरी गोष्ट ओव्हरबुकिंगची. साध्या खोल्या आहेत त्यापेक्षा जास्त विकल्या गेल्या की कोणाला तरी वर सरकवावंच लागतं. ही ओढाताण बहुधा एकाच रात्रीची असते, म्हणून त्या वेळी कामावर असलेला मॅनेजर त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या यादीतून एका रात्रीचं नाव शोधतो. तुमच्या सहा रात्री त्या यादीत तुमच्या विरोधात जातात.

शिवाय, लांब मुक्कामाला बहुतेक ठिकाणी दर रात्रीचं भाडं कमी लागलेलं असतं. सवलत आधीच देऊन झाली आहे, असं हॉटेल मानतं.

३. मग लांब मुक्कामात अपग्रेड मिळण्याची शक्यता कुठे आणि केव्हा जास्त?

मुक्कामात गर्दीची रात्र येऊ देऊ नका. रात्री किती, यापेक्षा त्या कोणत्या वारी पडतात, हे जास्त महत्त्वाचं.

पुण्यात हिंजवडी, खराडी भागातली हॉटेलं कंपन्यांच्या कामावर चालतात. तिथे सोमवार ते गुरुवार गर्दी, शुक्रवार-शनिवार शांतता. लोणावळ्यात बरोबर उलटं: पावसाळ्यातल्या शनिवारी खोली मिळणंच मुश्कील, पण रविवारी दुपारी पोचून गुरुवारी निघालात तर चार रात्री राहूनही तुम्ही एका रात्रीच्या पाहुण्याइतकेच सोयीचे असता. महाबळेश्वरला एप्रिल-मे विसरा. गोव्यात नाताळ ते नववर्ष हा काळ विसरा. जून ते सप्टेंबर मात्र आठवडाभराच्या मुक्कामालाही वरची खोली मिळण्याजोगा असतो. शिर्डीत गुरुवार आणि शनिवार-रविवार टाळा. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याला तर असेल ती खोली घ्यावी.

४. एकच मुक्काम दोन बुकिंगमध्ये तोडला तर फायदा होतो का?

कधी कधी. गर्दीची रात्र वेगळ्या बुकिंगमध्ये टाकली तर उरलेल्या रात्रींसाठी वरची खोली मिळू शकते. पण मोठ्या साखळी हॉटेलांच्या नियमात एकाच हॉटेलातल्या सलग रात्री हा एकच मुक्काम धरला जातो, मध्ये चेक-आउट करून पुन्हा चेक-इन केलं तरी. त्यामुळे 'दोन मुक्काम' म्हणून सभासदत्वाचे दुप्पट फायदे मिळत नाहीत.

तोटाही होतो. मॅरियट या साखळीत पैशांऐवजी पॉइंटांवर सलग ५ रात्री घेतल्या तर ४ रात्रींचेच पॉइंट जातात. हिल्टन साखळीत सिल्व्हर आणि त्यावरच्या पायरीच्या सभासदांना पाचवी रात्र तशीच मोफत मिळते. तीन आणि दोन रात्री असं तोडलंत की ही सवलत गेली. आठवड्याभरासाठीचा कमी दरही असाच हातचा जातो. आधी तोडून आणि न तोडता, दोन्ही बिलं मांडून बघा.

५. पूर्ण मुक्कामासाठी नाही, तर निदान दोन रात्रींसाठी वरची खोली मागता येते का?

येते, आणि जरूर मागावी. 'शुक्रवारपर्यंत स्वीट मोकळा असेल तर तोपर्यंत द्या, शनिवारी आम्ही आमच्या खोलीत जाऊ,' हे वाक्य फारच थोडे पाहुणे उच्चारतात. हॉटेल स्वतःहून हे सुचवत नाही, कारण त्यात एका खोलीची जादा साफसफाई आणि सामान हलवण्याचं काम येतं. तुमची तयारी दिसली की बरेचदा होकार मिळतो. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर मात्र मधल्या दिवशी बोचकी बांधायचा खटाटोप करू नका.

६. सात-आठ रात्री राहणाऱ्याने अपग्रेडऐवजी काय मागावं?

माझ्या मते या पानावरचा हा सर्वांत कामाचा प्रश्न आहे. लांब राहणारा पाहुणा हॉटेलला हवा असतो: रोज नवी एंट्री नाही, रोज पूर्ण खोली तयार करायची नाही, खोली रिकामी राहण्याची धास्ती नाही. म्हणून त्याला अशा गोष्टी सहज मिळतात ज्यात विकण्याजोगी खोली अडकत नाही. शेवटच्या दिवशी उशिरा चेक-आउट, नाश्ता भाड्यात धरणं, रोजचे काही कपडे लाँड्रीत, स्टेशन किंवा विमानतळावरून एकदा गाडी, लिफ्टपासून आणि रस्त्यापासून लांबची खोली, किटली किंवा छोटा फ्रिज, कामासाठी नीट टेबल-खुर्ची.

आठ रात्रींत मोठ्या सोफ्यापेक्षा शांत झोप आणि इस्त्रीचे कपडे जास्त उपयोगी पडतात. आणि ही मागणी मान्य करायला मॅनेजरला वरच्याची परवानगी बहुधा लागत नाही.

७. कोणाला, कधी आणि कसं सांगायचं?

येण्याच्या दोन-तीन दिवस आधी, थेट हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला. बुकिंग करताना विचारलंत तर हॉटेलला रिकाम्या खोल्यांचा अंदाज नसतो. काउंटरवर पोचल्यावर विचारलंत तर खोल्या वाटून झालेल्या असतात, कारण त्या दिवशीचं वाटप बहुतेक ठिकाणी आदल्या रात्री किंवा सकाळी होतं. ईमेल चार ओळींचा हवा: बुकिंग क्रमांक, किती रात्री, कशासाठी येताय आणि एकच विनंती. लग्नाचा वाढदिवस नसताना 'वाढदिवस आहे' लिहू नका. खरं कारणही पुरेसं असतं.

८. सभासदत्वाच्या पायऱ्या रात्रींवर ठरतात ना? तिथे लांब मुक्काम उपयोगी पडतोच की!

हो, इथे रात्री थेट कामी येतात. मॅरियटच्या बॉनव्हॉय या सभासद योजनेत वर्षाला १० रात्रींवर सिल्व्हर, २५ वर गोल्ड, ५० वर प्लॅटिनम, ७५ वर टायटेनियम. हयात साखळीच्या वर्ल्ड ऑफ हयात योजनेत १०, ३० आणि ६० रात्रींवर अनुक्रमे डिस्कव्हरिस्ट, एक्सप्लोरिस्ट, ग्लोबलिस्ट. साध्या स्वीटपर्यंतचं अपग्रेड मॅरियटमध्ये प्लॅटिनमपासून आणि हयातमध्ये ग्लोबलिस्टला, तेही खोली उपलब्ध असली तर.

पण बारीक अक्षरं वाचा. हे अपग्रेड संपूर्ण मुक्कामासाठी द्यायचं असं नियमात आहे. पाहुण्याच्या भल्यासाठी केलेली ही अट लांब मुक्कामात आडवी येते, कारण एक रात्र भरलेली असली तर हॉटेल 'उपलब्ध नाही' म्हणू शकतं. मॅरियटचे नाइटली अपग्रेड अवॉर्ड, म्हणजे सभासदांना मिळणारी अपग्रेडची कूपनं, दर रात्री एक याप्रमाणे आणि मुक्कामातल्या प्रत्येक रात्रीसाठी लावावे लागतात. हाती पाच असतील आणि मुक्काम सहा रात्रींचा, तर ते तिथे चालत नाहीत. हयातचं स्वीट अपग्रेड अवॉर्ड याबाबतीत खूप चांगलं: एक अवॉर्ड सलग ७ रात्रींपर्यंत चालतं आणि बुकिंगच्या वेळीच पक्कं होतं. वर्षातून एकदा आठवडाभर कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याला यासारखं दुसरं नाही.

या अटी कंपन्या अधूनमधून बदलतात. बुकिंगच्या आधी त्या वर्षीचे नियम पाहाच.

९. कंपनीने दोन महिने प्रोजेक्टवर पाठवलंय. भाडं कंपनी भरते. रात्री माझ्या खात्यात येतील का?

खोलीत तुम्ही राहत असाल, सभासद क्रमांक तुमचा दिला असेल आणि दर पात्र असेल, तर सहसा येतात. कंपनीचा ठरलेला दर बहुधा पात्र असतो. ट्रॅव्हल संकेतस्थळावरून किंवा घाऊक पॅकेजमधून घेतलेली खोली बहुधा नसते. पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारा, दोन महिन्यांनी नाही. साठ रात्री म्हणजे हयातची सर्वांत वरची पायरी एका प्रोजेक्टमध्ये. मात्र रात्री सहसा चेक-आउटनंतर जमा होतात, म्हणून त्याच मुक्कामात अपग्रेडची आशा धरू नका; फळ पुढच्या प्रवासात.

अशा कामासाठी स्वयंपाकघर असलेली, लांब मुक्कामाची हॉटेलंच घ्या. हा प्रकार रुळवला तो रेसिडेन्स इनने. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या विचिटा शहरात जॅक डीबोअर यांनी ते सुरू केलं आणि १९८७ मध्ये मॅरियटने विकत घेतलं. तिथे साधी खोलीच स्वीटसारखी असते, अपग्रेडची गरज पडत नाही. दुधी आणि भाकरीचं पीठ मिळालं की दोन महिने घरचं जेवण होतं, आणि माझ्या ओळखीतल्या प्रोजेक्टवाल्यांना खिडकीतल्या देखाव्यापेक्षा त्याचंच मोल जास्त वाटतं.

१०. काउंटरवर 'रोज फक्त हजार रुपये जास्त द्या, मोठी खोली घ्या' असं सांगतात. घ्यावं का?

आधी जीएसटी मोजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात एका खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर लागतो, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. आणि तो पूर्ण भाड्यावर, वरच्या फरकावर नाही.

तुमची खोली ७,००० ची असेल तर करासह ७,३५० होतात. हजार वाढवले की भाडं ८,०००, करासह ९,४४०. म्हणजे हजाराचं अपग्रेड रोज २,०९० ला पडलं. सहा रात्रींत काउंटरवर ऐकलेले ६,००० प्रत्यक्षात १२,५४० होतात. ६,००० च्या खोलीवर हजार वाढवलेत तर मात्र ७,५०० च्या आतच राहता आणि कर फक्त ५० रुपयांनी वाढतो.

फुकट मिळालेल्या अपग्रेडमुळे कर वाढत नाही, कारण तो प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर लागतो. आणि हिशोब रोजचा वेगळा असतो: शनिवारचं भाडं जास्त असेल तर त्या एकाच रात्रीला १८ टक्के लागू शकतात. पैसे देऊनच अपग्रेड घ्यायचं असेल तर स्वस्त रात्रींपुरतं घ्या (प्रश्न ५ पाहा).

११. आता अभिप्रायांकडे. जास्त दिवस राहिलेल्याचा अभिप्राय जास्त खरा मानावा का?

वेगळ्या गोष्टींसाठी खरा मानावा. एका रात्रीचा पाहुणा काउंटरवरचं वागणं, गादी, सकाळचं गरम पाणी आणि नाश्ता सांगू शकतो. वायफाय रोज संध्याकाळी बसतं का, नाश्त्याला चौथ्या दिवशीही तेच पोहे येतात का, तक्रार केल्यावर दुरुस्ती होते का, हे त्याला कळत नाही.

पण लांब मुक्कामाच्या अभिप्रायातही खोट असते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात हात ठेवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. यातलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबचा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. अनुभव किती वेळ चालला हे आठवणीत फारसं उरत नाही. टोकाचा क्षण आणि शेवट उरतो.

हॉटेलात हेच घडतं. दहा दिवस उत्तम गेले आणि निघताना बिलात न घेतलेल्या पाण्याच्या बाटल्या लावल्या, तर अभिप्राय बाटल्यांचा होतो. उलट, निघताना वेटरने मुलाच्या हातात लाडू ठेवला की चार दिवस बंद असलेला गीझर विसरला जातो. पंधरा दिवसांत माणसांशी ओळख होते, नावं माहीत होतात, मग कडक लिहवत नाही. म्हणून लांब मुक्कामात रोज रात्री फोनमध्ये एक ओळ टिपून ठेवा आणि अभिप्राय त्यावरून लिहा.

१२. अभिप्राय देणारा किती रात्री राहिला, हे कुठे दिसतं?

बुकिंग डॉट कॉमवर प्रत्येक अभिप्रायाशेजारी रात्रींची संख्या, महिना, बुक केलेल्या खोलीचा प्रकार आणि एकटा, जोडपं की कुटुंब हे दिसतं. घरं आणि खोल्या भाड्याने मिळणाऱ्या एअरबीएनबीवर 'काही रात्री', 'साधारण आठवडा' अशा स्वरूपात मुक्काम दिसतो. या दोन्ही ठिकाणी त्यांच्यामार्फत बुकिंग केलेल्यालाच लिहिता येतं. गूगल आणि ट्रिपअ‍ॅडव्हायजरवर बुकिंगचा पुरावा आवश्यक नाही. तिथे मुक्काम मजकुरातूनच ओळखावा लागतो.

सरासरी गुणांवर जाऊ नका. तुमच्याइतक्याच रात्री, तुमच्यासारख्याच सोबतीने राहिलेल्यांचे पाच-सहा अभिप्राय शोधा. दोनशे अभिप्रायांच्या सरासरीपेक्षा ते जास्त सांगतात.

१३. अपग्रेड मिळालं होतं, हे अभिप्रायात लिहावं का?

लिहायलाच हवं, आणि ठळकपणे. प्रश्न १२ मध्ये म्हटल्याप्रमाणे शेजारी बुक केलेल्या खोलीचा प्रकार दिसतो. तुम्ही साधी खोली घेतलीत, राहिलात स्वीटमध्ये आणि लिहिलंत 'प्रशस्त खोली, सुंदर बाल्कनी', तर पुढचा माणूस साध्या खोलीचे पैसे भरून बाल्कनी शोधत बसेल. कोणी तरी सुट्टीसाठी साठवलेले पैसे तुमच्या शब्दावर खर्च करणार असतो. 'आम्हाला वरची खोली दिली होती, चार रात्री राहिलो' एवढं पहिल्याच ओळीत पुरतं. खोलीचे गुण आणि सेवेचे गुण वेगळे सांगा. सेवेचं मोजमाप अपग्रेडने फारसं बदलत नाही.

१४. मुक्काम चालू असतानाच अभिप्राय टाकता येतो का? नंतर किती दिवसांत?

बुकिंग डॉट कॉम आणि एअरबीएनबीवर चेक-आउटनंतरच. एअरबीएनबीवर १४ दिवस मिळतात आणि पाहुणा व यजमान दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय कोणालाच दुसऱ्याचं दिसत नाही. बुकिंग डॉट कॉमवर तीन महिने. ट्रिपअ‍ॅडव्हायजर वर्षभराच्या आतला अनुभव घेतं. मुक्काम चालू असताना गूगलवर तक्रार टाकण्यापेक्षा मॅनेजरला भेटा.

१५. 'पाच तारे द्या, तुमचं अपग्रेड करतो' असं हॉटेलने सांगितलं तर?

नकार द्या. मोबदला देऊन चांगला अभिप्राय मिळवणं गूगल आणि ट्रिपअ‍ॅडव्हायजर दोघांच्याही नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं; विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत हा त्याचा गाभा आहे. अपग्रेड घ्या, पण त्याला अट जोडलेली असेल तर घेऊ नका. न मागता मिळालेल्या अपग्रेडनंतर मोकळेपणाने लिहिण्यात काहीच गैर नाही, फक्त प्रश्न १३ लक्षात ठेवा.

१६. आणि उलट? खोली खरंच वाईट आहे. 'वाईट लिहीन' म्हटलं तर खोली बदलून देतील?

देतीलही, पण ही धमकी आहे आणि एअरबीएनबीच्या नियमांत तिला थेट मनाई आहे. तुमचा खरा अभिप्रायही त्यामुळे काढला जाऊ शकतो. तक्रार पहिल्याच रात्री करा, फोटो काढा, 'काय करू शकता?' एवढंच विचारा. लांब मुक्कामाची खरी ताकद इथे आहे. हॉटेलकडे चूक सुधारायला वेळ असतो आणि तुमचे पुढचे दिवस चांगले घालवण्यात त्याचाही स्वार्थ असतो. सहा दिवस गप्प राहून सातव्या दिवशी रागाने लिहिणाऱ्याला ना खोली मिळते, ना पैसे परत.

१७. अपग्रेड दिलं आणि तिसऱ्या दिवशी 'स्वीट खाली करा, पार्टी येतेय' म्हणाले. हे चालतं का?

देताना काय ठरलं होतं त्यावर आहे. काही न बोलता दिलं असेल तर तुमचा हक्क बुक केलेल्या प्रकारावरच राहतो. म्हणून किल्ली हातात घेतानाच 'निघेपर्यंत हीच खोली ना?' असं विचारा आणि शक्य असेल तर रजिस्ट्रेशन कार्डावर लिहून घ्या. पैसे भरून घेतलेलं अपग्रेड मात्र मध्येच काढून घेता येत नाही. घेतलंच तर उरलेल्या रात्रींचा फरक परत मागा.

१८. अमेरिकेत महिनाभराहून जास्त राहणार आहे. चांगल्या खोलीसाठी मध्येच हॉटेल बदललं तर काही बिघडतं का?

करात बिघडू शकतं. टेक्सासमध्ये, जिथे पुण्या-मुंबईहून बरेच जण डॅलस-ऑस्टिनला कामाला जातात, सलग ३० दिवस एकाच हॉटेलात राहणाऱ्याला हॉटेल कर लागत नाही. राज्याचाच कर ६ टक्के आहे, शहराचा त्यावर वेगळा. तीस किंवा त्याहून जास्त दिवस राहणार असं सुरुवातीलाच लेखी कळवलंत तर सवलत पहिल्या दिवसापासून मिळते. नाही कळवलंत तर पहिले ३० दिवस कर भरावा लागतो. मध्ये हॉटेल बदललं किंवा पैसे भरण्यात खंड पडला की मोजणी पुन्हा एकपासून. न्यूयॉर्क शहरात हॉटेलच्या कराची सवलत १८० दिवसांवर आहे. मात्र सलग ३० दिवस राहिलेल्या पाहुण्याला कोर्टाच्या प्रक्रियेशिवाय खोलीबाहेर काढता येत नाही, आणि त्यामुळे तिथली काही हॉटेलं एकोणतिसाव्या दिवशी चेक-आउट करायला लावतात. तसं सांगितलं गेलं तर तो तुमच्यावरचा राग समजू नका, आणि पुढच्या रात्रीची सोय दोन-तीन दिवस आधीच करून ठेवा.